भाड्याच्या घरातील फरशी : धुवावी की बदलावी?

नाताळ जवळ आला किंवा घरी लग्नकार्य ठरले, म्हणजे गृहिणीचे लक्ष प्रथम जमिनीकडे जाते. भिंतींना चुना लावता येतो, खिडक्यांना नवे पडदे शिवता येतात. परंतु डागाळलेली फरशी काही केल्या झाकत नाही. स्वतःचे घर असेल तर हा प्रश्न आपल्या ऐपतीपुरताच असतो. घर भाड्याचे असेल तर मात्र त्यात दोन कुटुंबे गुंतलेली असतात. फरशी एकाची, वापर दुसऱ्याचा. आणि खर्च कोणाचा, यावरून वर्षानुवर्षांचा स्नेह तुटल्याची उदाहरणे गावोगाव आढळतात.

आमच्या वाचकांत दोन्ही पक्षांची माणसे आहेत. कोणाची मुले खानापूर तालुक्यातील गावांतून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बेळगावास खोली घेऊन राहतात. कोणाचे गावातील जुने घर एखाद्या शिक्षकाला भाड्याने दिलेले असते. म्हणून या विषयाचा विचार दोन्ही बाजूंनी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम परीक्षा, मग निर्णय

फरशी खराब दिसते याची कारणे तीन असू शकतात. ती मळलेली असेल, मोडलेली असेल किंवा तिच्याखाली ओल असेल. मळलेली फरशी धुवावी, मोडलेली दुरुस्त करावी आणि ओल असल्यास आधी ओलीचा बंदोबस्त करावा. हा भेद न करता जे गवंड्याला बोलावतात, ते पुष्कळदा पैसा खर्चूनही दुखणे तसेच ठेवतात.

परीक्षेला विशेष साधने लागत नाहीत. एखादे नाणे घेऊन प्रत्येक फरशीवर हलके ठोकावे. घट्ट बसलेल्या फरशीचा आवाज भरीव येतो. खालचा थर सुटलेला असेल तर तो पोकळ येतो. अशा फरशांवर खडूने खूण करावी. नंतर हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद जमिनीवर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात व एक-दोन दिवस तो तसाच राहू द्यावा. कागदाच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले किंवा खालची फरशी काळपट झाली, तर ओल जमिनीतून वर येत आहे असे समजावे.

ओलीची दुसरी खूण म्हणजे लोणा. पावसाळ्यानंतर सांध्यांवर पांढरी पूड उमटते, ती जमिनीतील क्षारांची असते. ती पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा आत जातात व वाळल्यावर पुन्हा वर येतात. म्हणून ती कोरड्या ब्रशनेच झाडावी. मूळ उपाय घराबाहेर असतो. अंगणाची पातळी जोत्याच्या वर चढली आहे काय, पागोळ्यांचे पाणी भिंतीशी साचते काय, मोरीचा नळ फुटला आहे काय, हे पाहावे. ओल तशीच ठेवून वर कितीही भारी टाइल बसविली, तरी पुढेमागे तिचे सांधे काळे पडतात व ती सुटू लागते.

धुताना घ्यावयाची काळजी

आमच्या भागातील जुन्या घरांत शहाबादी फरशी पुष्कळ दिसते. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद गावावरून तिला हे नाव पडले. हा दगड चुनखडीचा आहे. आंध्रातील काळा कडप्पा आणि राजस्थानचा कोटा हेही त्याच जातीचे. चुनखडीला आम्ल मुळीच सोसत नाही. संडास साफ करण्याचे ॲसिड ओतले की फरशीवर फेस येतो. हा फेस मळाचा नसून खुद्द दगड विरघळल्याचा असतो. क्षणभर फरशी उजळल्यासारखी दिसते. परंतु तिचा गुळगुळीतपणा जातो, पृष्ठभाग खडबडीत होतो व त्यात मळ पूर्वीपेक्षा लवकर बसतो. लिंबू आणि व्हिनेगर यांचाही परिणाम सौम्य प्रमाणात तोच होतो. मोझेक व रंगीत नक्षीच्या सिमेंट-फरशा यांनाही हाच नियम लागू आहे.

घर सोडताना अनामत रक्कम पूर्ण परत मिळावी, या आशेने काही भाडेकरू शेवटच्या दिवशी ॲसिडने फरशी घासतात आणि ज्या फरशीला केवळ साबणाची गरज होती तिचे कायमचे नुकसान करून बसतात. तसेच ॲसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू विषारी असून बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

योग्य रीत साधी आहे. आधी कोरडा केर काढावा, नाहीतर वाळूच्या कणांनी चरे पडतात. मग कोमट पाण्यात सौम्य साबण मिसळून मऊ ब्रशने घासावे, दोनदा स्वच्छ पाण्याने धुवावे व पुसून कोरडे करावे. तेलाच्या डागावर खडूची भुकटी साबणाच्या पाण्यात कालवून जाड थर द्यावा आणि तो वाळल्यावर खरवडून काढावा. जुन्या डागासाठी हे दोन-तीनदा करावे लागते. हळदीचा डाग साबणाने लाल होतो म्हणून घाबरू नये. तो धुवावा आणि ऊन पडत असेल तर उन्हावर सोपवावा. कोणताही नवा उपाय आधी कपाटाखालच्या कोपऱ्यात करून पाहावा.

एवढ्याने भागले नाही, तर शहाबादी व मोझेक फरशी यंत्राने घासून पॉलिश करता येते. नक्षीच्या फरशीतील रंगाचा थर मात्र पातळ असतो. ती खोल घासली तर नक्षीच जाते. म्हणून तिच्यासाठी जाणता कारागीरच पाहावा.

बदलण्याचा हिशेब

दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीत दोन फुटी चौकोनी शहाबादी फरशा तीस बसतात. त्यांतील तीन फुटलेल्या असतील, तर काम दहाव्या भागाचे आहे, तीसही उपटण्याचे नाही. सगळी फरशी बदलावयाची म्हणजे नव्या मालाची किंमत एवढाच खर्च नव्हे. जुनी फरशी काढणे, राडारोडा वाहून नेणे, सिमेंट, वाळू, मजुरी हेही त्यात आले. जुन्यावरच नवी टाइल बसविली, तर जमिनीची पातळी चढते व दारे खालून तासावी लागतात. शिवाय गुळगुळीत टाइल ओली झाली की निसरडी होते. घरात म्हातारी माणसे असतील तर हा विचार आधी करावा.

फरशी बदलणे योग्य केव्हा? बहुतेक फरशा पोकळ वाजत असतील, जमीन खचली असेल, कडा उंचसखल होऊन पायाला ठेच लागत असेल, तेव्हा खुशाल बदलावी. तेथे काटकसर करणे हे शहाणपण नव्हे.

खर्च कोणी करावा?

१८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८ वे कलम सांगते की, वेगळा करार नसेल तर भाडेकरूने घर ज्या स्थितीत घेतले त्या स्थितीत परत करावे. मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळावी. दहा वर्षांच्या पावलांनी फरशी निस्तेज झाली, तर ती झीज होय; तिचे पैसे अनामत रकमेतून कापणे न्याय्य नाही. उखळ आपटून फरशी फोडली, तर ते नुकसान होय. ते भाडेकरूनेच भरून द्यावे. राज्याराज्यांचे भाडेविषयक कायदे निराळे असल्याने मोठ्या खर्चापूर्वी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीवाचून फरशी बदलू नये. खर्च कोणाचा, भाड्यातून किती वळता होणार, हे तारखेसह कागदावर असावे. घर ताब्यात घेतानाच फरशीची छायाचित्रे काढून दोघांनी जपून ठेवली, तर पुढचे बरेच वाद टळतात.

१९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सातव्या आज्ञेच्या विवरणात करार पाळण्याविषयी सांगताना भाडेकराराचाही नामनिर्देश करतो, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचे जाणूनबुजून केलेले नुकसान भरून देण्यास बजावतो. चोरी करू नको ही आज्ञा केवळ रात्रीच्या चोरासाठी नाही. झीजेला नुकसान म्हणून गरिबाची अनामत अडविणारा मालक आणि फुटक्या फरशीवर चटई अंथरून किल्ली देणारा भाडेकरू, या दोघांनाही ती लागू आहे.

प्रभू येशूच्या दाखल्यातील त्या स्त्रीने हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावला व सारे घर झाडले. आमच्या गृहिणींनीही गवंड्याला निरोप पाठविण्यापूर्वी दिवा आणि केरसुणी हाती घ्यावी. पुष्कळ घरांत मळाखाली चांगली फरशी सापडेल, आणि वाचलेला पैसा मुलांच्या शिक्षणाच्या कामी येईल.