चिप घडवणारा थर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चिपचा शोध कोणी लावला, असे विचारले की उत्तर येते, जॅक किल्बीने. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये त्याने सप्टेंबर 1958 मध्ये एकाच तुकड्यावरचे सर्किट चालवून दाखवले आणि त्यासाठी 2000 साली त्याला नोबेल मिळाले. हे खरेच आहे. गैरसमज त्यापुढचा आहे : त्याच चिपमधून आजचा उद्योग उभा राहिला, असे मानले जाते. किल्बीचे सर्किट जर्मेनियमवर होते आणि त्यातले भाग सोन्याच्या बारीक तारांनी हाताने जोडलेले होते. भाग वाढले की तारा वाढणार, म्हणजे मजुरीही वाढणार आणि बिघाडही. एका तुकड्यावर सर्किट होऊ शकते हे किल्बीने सिद्ध केले. ते लाखांनी कसे बनवायचे, याचे उत्तर फेअरचाइल्ड कंपनीतल्या ज्याँ हर्नी या मूळ स्विस शास्त्रज्ञाच्या प्लेनर (म्हणजे सपाट) पद्धतीत होते.

ही पद्धत म्हणजे एखादे नवे यंत्र किंवा नवा पदार्थ असावा, हाही गैरसमजच. सिलिकॉन तापवले की त्यावर ऑक्साइडचा थर धरतो आणि तो बऱ्याच अशुद्धींना आत शिरू देत नाही, हे बेल प्रयोगशाळेतल्या फ्रॉश आणि डेरिक यांना 1955 मध्येच दिसले होते. पण काम झाल्यावर हा थर दूषित झालेला असतो, तो काढून टाकलाच पाहिजे, अशी तेव्हा समजूत होती. त्या काळच्या मेसा, म्हणजे उंचवट्यासारख्या, ट्रान्झिस्टरमध्ये नाजूक संधी (वेगवेगळ्या अशुद्धींचे भाग जिथे भेटतात त्या सीमा) उघड्या राहत. आवरणाच्या डबीत सुटा राहिलेला धातूचा कण तिथे चिकटला, तरी ट्रान्झिस्टर निकामी होई. हर्नीने तो थर जागच्या जागी ठेवला. थरात कोरलेल्या खिडकीतून मुद्दाम सोडलेली अशुद्धी ऑक्साइडखाली आडवीही पसरते, त्यामुळे संधीची कड आपोआप झाकली जाते. डिसेंबर 1957 मध्ये वहीत नोंदलेल्या या कल्पनेसाठी त्याने मे 1959 मध्ये पेटंटचा अर्ज केला.

मग श्रेय बेलचेच नव्हे का? थराचा गुण ओळखण्याचे श्रेय निःसंशय तिथले. पण गुण माहीत असणे वेगळे आणि त्यावर उत्पादनाची सगळी क्रमवारी बेतणे वेगळे. सगळे काम एकाच सपाट पृष्ठावर आल्यामुळे फोटोलिथोग्राफीने, म्हणजे प्रकाशाने नक्षी उमटवून, सिलिकॉनच्या एका चकतीवर (वेफरवर) शेकडो ट्रान्झिस्टर एकदम काढता येऊ लागले. ऑक्साइड वीज वाहू देत नाही, म्हणून त्यावरूनच धातूच्या रेषा नेता येतील, हे हर्नीचा सहकारी रॉबर्ट नॉइस याने 1959 मध्ये मांडले, आणि हाताने जोडायच्या तारांची गरजच संपली. 1960 मध्ये फेअरचाइल्डमधल्याच जे लास्टच्या गटाने अशी चिप प्रत्यक्षात आणली. पुढे किल्बीच्या कंपनीलाही याच पद्धतीकडे वळावे लागले, हा पुरावा पुरेसा बोलका आहे.

नवी पद्धत स्वस्त होती म्हणून टिकली, हा समजही तपासून घ्यायला हवा. सुरुवातीला चांगला माल थोडा निघे आणि किंमत चढी असे. तरीही मिनिटमन क्षेपणास्त्र आणि अपोलो यानाचा संगणक अशा कामांना भरवशाचे भाग हवेच होते, आणि झाकलेल्या संधी तो भरवसा देत होत्या. स्वस्ताई मागाहून आली, पण तिचे कारण पद्धतीतच होते : वेफरवर जितके जास्त भाग मावतील, तितका प्रत्येकाचा खर्च कमी. चिपवरच्या भागांची संख्या झपाट्याने वाढत जाईल, या गॉर्डन मूरच्या 1965 च्या प्रसिद्ध भाकिताचा आधार हाच.

आजचे ट्रान्झिस्टर सपाट कुठे आहेत, असा आक्षेप घेता येईल. 2011 पासून ते उभ्या पात्यांच्या आकारात आले, हे खरे. पण आकार बदलला, तरी थर चढवणे, प्रकाशाने नक्षी उमटवणे, ठरावीक जागीच अशुद्धी घालणे आणि वरून धातूने जोडणी करणे ही मूळ रीत कायम आहे. सन्मान बहुधा पहिल्या वस्तूच्या वाट्याला येतो; उद्योग मात्र ती वस्तू पुन्हा पुन्हा, बिनचूक बनवण्याच्या पद्धतीवर उभा राहतो. म्हणून चिपच्या इतिहासात किल्बी आणि नॉइस यांच्या बरोबरीने हर्नीचेही नाव घ्यायला हवे.