डेक्कनचे तिकीट

कोथरूडहून डेक्कनला जायचे आणि तिकीट मात्र मनपाचे काढायचे, हा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. कारण एवढेच, की ‘ड’ जिभेवर अडून बसे आणि ‘म’ त्यातल्या त्यात सुटे. डोसा खावासा वाटला तरी इडली मागवायची, फोन वाजला की हात धुवायला उठायचे! अशा पळवाटांत मी इतका तरबेज झालो, की मी तोतरा आहे हे ऑफिसात कित्येकांना ठाऊकच नव्हते. ‘मितभाषी माणूस’ अशी माझी ख्याती होती. अडचण एकच, स्वतःचे नाव बदलून सांगता येत नाही.

हे असेच चालले असते. पण एका संध्याकाळी आठ वर्षांच्या मुलाला वाण्याकडे धाडले आणि मी मागे थांबलो. ‘काय पाहिजे रे?’ वाण्याने विचारले. पोराने तोंड उघडले, मिटले आणि बिस्किटांच्या पुड्याकडे बोट दाखवले. ती तऱ्हा थेट माझी होती. तोतरेपणा घराण्यात उतरू शकतो हे मी वाचले होते. ही बोट दाखवण्याची युक्ती त्याने माझ्याकडूनच उचलली होती.

वाचातज्ज्ञ बाईंनी शांतपणे समजावले. लहानपणी शंभरात सुमारे पाच मुले अडखळतात, बहुतेकांचे आपोआप थांबते. मोठेपणी शंभरात एखादा उरतो. भित्र्या स्वभावाने किंवा आईबापांच्या धाकाने हे जडत नाही. मुलाला ‘सावकाश बोल’ म्हणू नका, त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. मग चष्म्यावरून पाहत त्या म्हणाल्या, ‘आणि तुमचं काय?’

जोसेफ शीहान या अमेरिकन तज्ज्ञाने तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली आहे. वर दिसते ते अडखळणे थोडे. पाण्याखाली भीती, शरम आणि टाळाटाळ. चार्ल्स व्हॅन रायपर तर स्वतः तोतरे. ते रुग्णांना मुद्दाम अडखळायला लावत. हे ऐकून मला घामच फुटला.

तरी कागदावर दहा प्रसंग लिहिले, सोप्यापासून अवघडापर्यंत. पहिला आठवडा लक्ष्मी रस्त्यावर अनोळखी माणसांना वेळ विचारण्यात गेला. (हातात घड्याळ होते, ते खिशात घातले.) मग दुकानांत फोन करून भाव विचारू लागलो. एकाने मधेच फोन ठेवला. तो दिवस वाईट गेला, पण दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात पुन्हा फोन केला. ऑफिसातल्या बैठकीत मात्र दोनदा घसा बसल्याचे सोंग केले, तेही कबूल केले पाहिजे.

शेवटी बस. मुलगा शेजारी होता. मी मुद्दाम म्हणालो, ‘ड-ड-डेक्कन.’ कंडक्टर म्हणाला, ‘सुट्टे द्या.’ बस्स, एवढेच! वीस वर्षे ज्या क्षणाला भ्यालो तो असा गेला.

‘बाबा, मुद्दाम केलंस?’ मुलाने कानात विचारले.

‘पहिला ड मुद्दाम. दुसरा आपोआप आला.’

तो खो खो हसला.

परवा पैसे त्याने माझ्या हातून घेतले. ‘ड...’ वर गाडी अडली. कंडक्टर थांबला. मागच्या सीटवरचे गृहस्थ मायेने पुढे वाकले, ‘डेक्कन का रे बाळा?’ मी हातानेच त्यांना थांबवले.