जास्त टेस्ला म्हणजे जास्त अचूक?

एमआरआय म्हणजे मेंदूचा फोटो आणि यंत्र जितक्या जास्त टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) तितका फोटो अचूक, असे सर्रास मानले जाते. १.५ टेस्लापेक्षा ३ टेस्लाच्या यंत्रात बारकावे ठळक दिसतात हे खरेच, आणि निदानासाठी त्याचा उपयोगही होतो. पण हजारो मेंदूंची तुलना करणाऱ्या संशोधकाला चित्र नको असते, मोजमाप हवे असते. सीटी स्कॅनमध्ये पाणी म्हणजे शून्य आणि हवा म्हणजे उणे १००० असे हाउन्सफील्ड आकडे ठरलेले आहेत. नेहमीच्या एमआरआयमधल्या राखाडी छटांना असे कोणतेही एकक नाही. तोच मेंदू संकेत टिपणाऱ्या वेगळ्या कॉइलने, दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात किंवा बदललेल्या सेटिंगवर स्कॅन केला की छटा बदलतात, आणि त्या छटांवरून सॉफ्टवेअर आखते त्या सीमाही सरकतात.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते? अल्झायमरमध्ये स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण चार-पाच टक्के आक्रसतो, निरोगी वृद्धांत एक-दीड टक्का. सगळा अभ्यास या तीनेक टक्क्यांवर उभा असतो. यंत्राच्या मध्यापासून दूर ग्रेडियंटचे, म्हणजे चित्रातली जागा ठरवणारे चुंबकीय क्षेत्र अपेक्षेप्रमाणे एकसमान बदलत नाही, त्यामुळे डोके थोडे वेगळ्या जागी ठेवले तरी मापात खोट येऊ शकते. म्हणूनच २००४ साली उत्तर अमेरिकेत सुरू झालेल्या एडीएनआय या अल्झायमर-संशोधन प्रकल्पाने वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांसाठी जुळवून घेतलेला प्रोटोकॉल आखला आणि आतली मापे आधीच माहीत असलेली चाचणी-वस्तू, म्हणजे फँटमही स्कॅन करायला लावला. ३ टेस्लाची यंत्रे तेव्हा होती, तरी पहिल्या टप्प्याचा पाया १.५ टेस्लाच राहिला. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. ब्रिटनच्या यूके बायोबँकने २०१४ पासून दुसरा मार्ग धरला: एक लाख लोकांच्या स्कॅनचे लक्ष्य आणि मेंदूसाठी सर्व केंद्रांवर एकाच मॉडेलचे ३ टेस्ला यंत्र.

यंत्रांमधला फरक नंतर संख्याशास्त्राने काढता येतो, मग आधी इतका आटापिटा कशाला, असा आक्षेप घेतला जातो. कॉम्बॅटसारख्या संख्याशास्त्रीय पद्धती खरोखर उपयोगी आहेत. पण सगळे रुग्ण एका यंत्रावर आणि सगळे निरोगी दुसऱ्यावर स्कॅन झाले असतील, तर रोग कुठे संपतो आणि यंत्र कुठे सुरू होते हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. डोक्याच्या हालचालीचेही तेच. हललेल्या स्कॅनमध्ये मेंदूचे करडे द्रव्य प्रत्यक्षाहून कमी भरते. लहान मुले आणि रुग्ण जास्त हलतात, म्हणजे ही चूक नेमकी रोगाचे रूप घेऊन येते. डोक्याभोवती नीट पॅडिंग लावणे, मुलांना नकली यंत्रात आधी सराव देणे, ही कामे स्कॅनच्या आधीच करावी लागतात.

एकच पद्धत धरून बसलो तर तंत्र गोठेल, ही भीती मात्र रास्त आहे. नवे यंत्र जरूर घ्यावे, पण बदलताना तीच माणसे दोन्ही यंत्रांवर स्कॅन करावीत. एडीएनआयने सुमारे एक चतुर्थांश सहभागींचे स्कॅन पहिल्याच टप्प्यात ३ टेस्लावरही घेतले होते. त्यामुळे पुढे ३ टेस्ला स्वीकारताना दोन्हींची तुलना त्याच मेंदूंवर करता आली.