दुसरी स्क्रीन काळी का राहते?

आधार नोंदणीच्या टेबलावर दोन स्क्रीन असतात. एक ऑपरेटरकडे तोंड केलेली, दुसरी समोर बसलेल्या माणसाकडे. ही दुसरी स्क्रीन शोभेची नाही. ऑपरेटर नाव, जन्मतारीख, पत्ता टाइप करतो तो समोरच्याने वाचून ‘बरोबर आहे’ म्हणावं, म्हणून आधार प्राधिकरणाने नोंदणीच्या साहित्यात ती सक्तीची केली आहे. ‘शेवंता’चं ‘शेवता’ झालं किंवा जन्मसाल दहा वर्षांनी पुढे सरकलं, तर ते इथेच पकडता येतं. निसटलं की रिसोडच्या एखाद्या वाडीतून पुन्हा तालुक्याची फेरी, पुन्हा रांग आणि मजुरीचा एक दिवस बुडीत.

केंद्रातला लॅपटॉप बदलला की ही दुसरी स्क्रीन हटकून दगा देते. मॉनिटर चालू असतो, दिवा पेटलेला असतो, पण वर ‘नो सिग्नल’. लॅपटॉपला विचारावं तर त्याच्या मते दुसरा मॉनिटर जोडलेलाच नाही. मध्ये असतो तो दोनतीनशे रुपयांचा कन्व्हर्टर, आणि सगळा दोष त्याच्या माथी मारला जातो. माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा तो निर्दोष असतो. एकतर चुकीचा आणलेला असतो, नाहीतर उपाशी असतो.

मध्ये कन्व्हर्टर आलाच कशाला?

जुन्या मॉनिटरला निळी, पंधरा पिनांची, दोन स्क्रूंनी आवळायची व्हीजीए केबल लागते. ही जोडणी आयबीएमने 1987 साली आणली. डिसेंबर 2010 मध्ये इंटेल, एएमडी आणि काही लॅपटॉप कंपन्यांनी मिळून जाहीर केलं, की 2015 पर्यंत व्हीजीए बंद करायचं. लॅपटॉपवरून ती खरोखरच गेली. आपल्याकडचे मॉनिटर मात्र गेले नाहीत. वाशीम, कारंजा, मानोरा, कुठेही जा, सेवा केंद्रातला तो जाड कडांचा चौकोनी मॉनिटर दहा-बारा वर्षं तरी जुना असतो आणि ठणठणीत चालतो. तो टाकून द्यायला कोणी तयार नाही आणि गरजही नाही. म्हणून नव्या लॅपटॉपचं एचडीएमआय आणि जुन्या मॉनिटरचं व्हीजीए यांच्यामध्ये कन्व्हर्टर येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या जुन्या प्रोजेक्टरचं दुखणंही हेच. दुकानात मागताना मात्र ‘कन्व्हर्टर’च म्हणा. ‘अडॅप्टर द्या’ म्हटलं की हातात चार्जर येतो.

‘डिटेक्ट’ होतं म्हणजे काय होतं?

केबल लावली की आधी चित्र जात नाही, आधी ओळखपरेड होते. लॅपटॉप एचडीएमआयच्या 18 नंबरच्या पिनवर 5 व्होल्ट सोडतो. पलीकडून 19 नंबरच्या पिनवर ‘मी आहे’ असा इशारा येतो. मग 15 आणि 16 नंबरच्या पिनांवरून मॉनिटरची कुंडली वाचली जाते. ती बहुधा 128 किंवा 256 बाइटची असते. बनवणारा कोण, कोणत्या वर्षीचा, किती रिझोल्यूशन झेपतं, हे सगळं तिच्यात लिहिलेलं. हे सगळं जुळलं तरच लॅपटॉप नीट चित्र पाठवतो. साखळीतली एक कडी तुटली की मॉनिटर कितीही चांगला असो, लॅपटॉपच्या लेखी तो बहुधा नसतोच. त्यामुळे ‘केबल तर घट्ट बसली आहे’ या म्हणण्याला फारसा अर्थ नाही. केबल बसणं वेगळं आणि बोलणं होणं वेगळं.

आधी फुकटातले उपाय

मॉनिटरच्या बटणाने इनपुट तपासा. दोन जोडण्या असलेला मॉनिटर डीव्हीआयवर अडकून बसला असेल, तर व्हीजीएचं चित्र दाखवणार नाही. मग कीबोर्डवर विंडोज आणि पी एकत्र दाबा, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘एक्स्टेंड’ निवडा. कित्येकदा ते ‘पीसी स्क्रीन ओन्ली’वर राहिलेलं असतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये खाली ‘डिटेक्ट’चं बटण असतं, तेही दाबून पाहा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. स्क्रीन क्षणभर काळी होते, घाबरू नका.

एवढ्याने नाही झालं तर लॅपटॉप बंद करा, कन्व्हर्टर आणि केबल जोडा, मॉनिटर आधी चालू करा आणि मग लॅपटॉप. काही स्वस्त कन्व्हर्टर ओळखपरेड फक्त सुरुवातीलाच नीट करतात.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं दिसत असेल तर पुढे काही करू नका. विंडोज नव्याने टाकून देणाऱ्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर घालून तो उतरवून घ्या. तोवर नवा कन्व्हर्टर आणून उपयोग नाही.

उलटा कन्व्हर्टर

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतो. ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ म्हणजे लॅपटॉप एचडीएमआयचा, मॉनिटर व्हीजीएचा. ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ याच्या उलट, म्हणजे जुना कॉम्प्युटर आणि नवा टीव्ही. आतली चिप वेगळी असते. उलटा लावून चालेल असं त्यात काहीही नाही.

गोम अशी, की उलटा कन्व्हर्टरही सगळीकडे छान बसतो. ‘व्हीजीए टू एचडीएमआय’चं पिनवालं निळं टोक मॉनिटरच्या पाठीत थेट जातं, दुसऱ्या टोकाला एचडीएमआय केबल लावून ती लॅपटॉपला जोडता येते. कुठेही ओढाताण नाही, सगळं घट्ट, आणि स्क्रीन काळी. मग केबल बदलली जाते, मॉनिटर बदलून पाहिला जातो, शेवटी लॅपटॉप ‘फॉल्टी’ ठरतो. ओळखायची खूण सोपी आहे. लॅपटॉपच्या बाजूचं टोक एचडीएमआयचं, पुढे आलेलं, आणि मॉनिटरच्या बाजूचं टोक व्हीजीएचं, भोकांचं, ही आपल्याला हवी ती जात. पिनवाल्या व्हीजीए टोकाजवळून यूएसबीची आणि आवाजाची शेपटी लोंबत असेल तर तो दुसरा. दुकानात जाताना लॅपटॉपच्या कडेचा आणि मॉनिटरच्या पाठीचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा. शब्दांनी सांगण्यापेक्षा ते बरं.

उपाशी कन्व्हर्टर

एचडीएमआयच्या 5 व्होल्टच्या पिनवर लॅपटॉपने निदान 55 मिलिअँपिअर द्यावेत असा नियम आहे. कन्व्हर्टरमधली चिप त्याहून जास्त खाते. बरेच लॅपटॉप हात सैल सोडतात, म्हणून काम भागतं. काही नियमाला धरून चालतात, आणि मग चित्र येतं-जातं, ‘डिटेक्ट’ होतं-सुटतं. चांगल्या कन्व्हर्टरच्या बाजूला म्हणूनच एक छोटं मायक्रो यूएसबीचं भोक असतं. लोक ते बघतच नाहीत. मोबाइलच्या चार्जरची पिन तिथे लावून पाहा. थोडे जास्त पैसे देऊन असं भोक असलेलाच घ्यावा, हे माझं मत. कन्व्हर्टर कोमट लागणं ठीक, बोट टेकवत नसेल तर काढून टाका.

यूएसबीवरून चालणारे

काही केंद्रांत यूएसबीला लावायचा कन्व्हर्टर असतो. हे प्रकरण वेगळंच. त्याच्या पोटात स्वतःची चिप असते, डिस्प्लेलिंकची किंवा तशीच दुसऱ्या कोणाची, आणि ती ड्रायव्हरशिवाय हलत नाही. इंटरनेट असेल तर विंडोज कधीकधी तो आपणहून आणतं. काही कन्व्हर्टर जोडल्याबरोबर पेन ड्राइव्हसारखे दिसतात, ड्रायव्हर त्यातच असतो.

आधारच्या टेबलावर त्याची खरी अडचण गर्दीची आहे. बोटांचे ठसे घेणारं यंत्र, डोळ्यांचं यंत्र, कॅमेरा, जीपीएस, स्कॅनर, प्रिंटर, सगळे यूएसबीवर. भोकं पुरत नाहीत म्हणून एक हब येतो आणि कन्व्हर्टरही त्याच हबवर लावला जातो. जुन्या यूएसबी 2.0 च्या भोकातून 500 मिलिअँपिअर मिळतात, 3.0 मधून 900. विजेची वेगळी पिन नसलेला हब तेवढ्यातच सगळ्यांना वाटून देतो. शिवाय 1920 बाय 1080 चं चित्र सेकंदाला साठ वेळा पाठवायचं तर सेकंदाला जवळपास 3 गिगाबिट लागतात, यूएसबी 2.0 ची धाव 480 मेगाबिटची. चिप चित्र दाबून-दाबून बसवते आणि तरी अडखळते. हबवर प्रिंटर आणि जीपीएस राहू द्या. कन्व्हर्टर थेट लॅपटॉपच्या 3.0 च्या भोकात लावा. आतली पट्टी बहुतेक निळी असते.

नव्या लॅपटॉपचं सी-टाइप भोक हाही असाच फसवा प्रकार. दिसायला सगळी सारखी, पण काहींतून फक्त डेटा आणि चार्जिंग जातं. भोकाशेजारी डिस्प्लेपोर्टचं ‘डी’सारखं चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज असेल तर चित्र नक्की निघेल. चिन्ह नसेल तर मॉडेलची माहिती काढल्याशिवाय सी-टाइपचा कन्व्हर्टर विकत घेऊ नका.

केबल, पिना आणि अर्थिंग

व्हीजीए केबलचं टोक रुंद बाजू वर धरून समोरून पाहा. मधल्या ओळीत डावीकडून चौथी पिन अनेकदा नसते. ती 9 नंबरची, नसली तरी चालते, त्यावरून केबल परत करू नका. खालच्या ओळीतली दुसरी आणि शेवटची, म्हणजे 12 आणि 15, मात्र सरळ आणि चकचकीत हव्यात. मॉनिटरची कुंडली त्यांच्यावरूनच येते. त्या वाकल्या किंवा पावसाळ्यात हिरवट झाल्या, तर चित्र येतं पण फुगलेलं, अक्षरं मोठाली, आणि विंडोज त्याला ‘जेनेरिक नॉन पीएनपी मॉनिटर’ म्हणतं.

आता अर्थिंग. लॅपटॉपच्या किंवा मॉनिटरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा त्या बोर्डाला अर्थिंग नाही. अशा ठिकाणी लॅपटॉप एका सॉकेटवर, मॉनिटर दुसऱ्यावर आणि दोन्ही चालू असताना केबल खुपसली, तर दोघांमधला व्होल्टेजचा फरक त्या नाजूक पिनांतून वाट काढतो. पोर्ट जळतो तो असा. जूनमधल्या वादळी पावसात, लाइन सारखी जात-येत असताना, हे जास्त घडतं, आणि नेमकी तेव्हाच शाळा-कॉलेजच्या दाखल्यांसाठी केंद्रांवर झुंबड असते. अर्थिंग होईपर्यंत दोन्ही एकाच बोर्डावर घ्या आणि केबल जोडताना दोन्ही बंद ठेवा.

पोर्टच गेला असेल तर

कन्व्हर्टर न लावता लॅपटॉप एचडीएमआय केबलने थेट एखाद्या टीव्हीला जोडून पाहा. टीव्हीवर चित्र आलं तर लॅपटॉप निर्दोष, दोष कन्व्हर्टरचा किंवा पुढचा. दुसऱ्या केबलनेही आलं नाही तर पोर्ट गेला असं धरायला हरकत नाही. पण त्यासाठी मदरबोर्ड उघडून अकोल्याला पाठवायची घाई करू नका. लॅपटॉप चार-आठ दिवस तिकडे अडकतो आणि केंद्र बंद पडतं. आधारच्या दुसऱ्या स्क्रीनवर सिनेमा दाखवायचा नसतो, अक्षरं दाखवायची असतात, आणि तेवढं काम यूएसबी 3.0 चा कन्व्हर्टर बिनबोभाट करतो. घेताना स्वतःचा लॅपटॉप दुकानात न्या, तिथल्याच मॉनिटरवर चालवून पाहा, आणि पैसे नंतर द्या.