अर्ज नाकारला गेल्यावर : उत्तर नेमकं कोणत्या प्रश्नाला द्यायचं?

मंडळी, पाथरीत जन्मस्थळाची चर्चा नवी नाही. साईबाबांच्या जन्मस्थळावरून जानेवारी २०२० मध्ये शिर्डीत बंद झाला, ते तुम्हाला आठवत असेल. श्रद्धेला कागद लागत नाही. नागरिकत्वाच्या अर्जाला मात्र लागतो, आणि तो नामंजूर झाला की माणूस गांगरतो. 'मी इथला नाही, तर कुठला?' असं विचारू लागतो. प्रश्न खराच आहे. पण पुढच्या सुनावणीत बहुधा तो प्रश्न नसतोच. आज आपण एवढंच समजून घेऊ.

शंभर वर्षांपूर्वीचं उदाहरण घेऊ. अहमदाबादेत जन्मलेले सखाराम गणेश पंडित लॉस एंजेलिसला वकिली करत. १९१४ मध्ये त्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. तिथल्या कायद्यानं तेव्हा गोरे आणि आफ्रिकी वंशाचे, एवढ्यांनाच अर्ज करून नागरिक होता येई. भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात पंडित त्यांचे वकील होते. 'उच्चवर्णीय आर्य, म्हणून कॉकेशियन, म्हणून गोरा' असा युक्तिवाद झाला. आज तो आपल्याला ऐकवतही नाही. १९ फेब्रुवारी १९२३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, असं ठरलं.

मग सरकारनं अनेक हिंदी लोकांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली. पंडितांवरही पाळी आली. इथं त्यांनी प्रश्नच बदलला. १९१४ मध्ये सरकारचा आक्षेप ऐकूनच न्यायालयानं निकाल दिला होता आणि सरकारनं अपील केलं नव्हतं. त्या निकालावर विसंबून आपण वकिली केली, घर घेतलं. आता तोच विषय पुन्हा उकरता येणार नाही, असं ते म्हणाले. १९२६ मध्ये अपील न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारची विनंती दाखल करून घेतली नाही. माणूस तोच, वंश तोच. प्रश्न बदलला आणि निकाल बदलला.

आता आपल्याकडे या. नागरिकत्व कायदा १९५५ चं कलम १४ म्हणतं की, अर्ज नाकारताना कारण देण्याचं बंधन सरकारवर नाही. म्हणजे उत्तर कशाला द्यायचं, तेच कधीकधी कळत नाही. अशा वेळी कायद्यातली एकेक अट आपणच तपासायची.

समजा, लग्न होऊन परदेशातून पाथरीत आलेली एक सून आहे. कलम ५ प्रमाणे ती अर्जाआधीचे १२ महिने सलग भारतात राहिलेली हवी, आणि त्याआधीच्या ८ वर्षांत मिळून किमान ६ वर्षं. आई वारली म्हणून त्या १२ महिन्यांत ती २० दिवस माहेरी जाऊन आली. अर्ज नाकारला गेला. 'माझी लेकरं इथली, संसार इथला,' असं ती सांगत राहते. सगळं खरं, पण अडचण २० दिवसांची आहे. २०१५ च्या दुरुस्तीनं विशेष परिस्थितीत या अटीत ३० दिवसांपर्यंत सूट देता येते. तेव्हा तिचे कामाचे कागद म्हणजे पासपोर्टवरचे शिक्के, प्रवासाचं तिकीट आणि आईच्या मृत्यूचा दाखला.

मुदत ३० दिवसांची, आणि ती आदेशाच्या तारखेपासून मोजतात, पत्र हाती पडल्यापासून नव्हे. म्हणून टपालाचं पाकीटही जपा. उशीर झाला तर कारण दाखवायला लागेल. आदेश खालच्या अधिकाऱ्याचा असेल, तर कलम १५ खाली केंद्र सरकारकडे पुनरीक्षणाचा अर्ज करायचा. केंद्राचाच असेल, तर कलम १५अ खाली पुनर्विलोकनाचा. समोरासमोर बोलावतीलच, असं कलम १५ मध्ये लिहिलेलं नाही. म्हणून तुमच्या गैरहजेरीतही तुमची बाजू मांडेल, असा अर्ज लिहा. पुढं उच्च न्यायालय आहे. परभणी जिल्ह्यासाठी औरंगाबाद खंडपीठ. पण तिथं मुख्यतः निर्णय कसा घेतला गेला, हे पाहतात.

आम्ही एक साधी युक्ती सुचवतो. कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे कायद्यातली अट, उजवीकडे तिचा पुरावा. माहेरचं नाव आणि सासरचं नाव यांतला फरकही त्यातच नोंदवा. रिकामा राहिलेला रकाना हीच तुमची सुनावणीची तयारी.

मग त्या सुनेच्या दुःखाला कुठंच जागा नाही का? आहे. 'विशेष परिस्थिती' या शब्दांसमोर, दाखल्यासह. तिथं ते लिहिलं तर वाचलं जाईल.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.