तिजोरीवरचा पहिला बोजा

शेतकऱ्याला ‘बोजा’ या शब्दाचे वजन समजावून सांगावे लागत नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा एकदा चढला, की तो फिटेपर्यंत जमिनीचा व्यवहार सुखासुखी होत नाही. पीक बुडो, घरात लग्न निघो, आधी बोजा. जुलै १९४२मध्ये नागपुरातल्या मोहन पार्कवर जमलेल्या माणसांनी सरकारी तिजोरीवर असाच एक बोजा चढवा, अशी मागणी केली होती.

१८ ते २० जुलै या तीन दिवसांत तिथे अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. अध्यक्षस्थानी मद्रासचे रावबहादूर एन. शिवराज होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावरील नेमणूक नुकतीच जाहीर झाली होती. याच परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया घातला गेला आणि सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची स्वतंत्र परिषदही झाली. एवढे बहुतेकांना आठवते. ठरावांमधले पैशांचे कलम मात्र फारसे कुणी उघडून पाहत नाही. त्याचा आशय असा: प्रत्येक प्रांताने दरवर्षीच्या अर्थसंकल्पात अस्पृश्य मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी एक रक्कम आणि उच्च शिक्षणासाठी दुसरी रक्कम बाजूला काढावी, आणि या रकमांचा प्रांताच्या महसुलावर पहिला हक्क राहावा. इतर खर्च भागवून काही उरलेच तर द्या, असे या ठरावाने म्हटले नव्हते. आधी हे द्या, मग बाकीचे खर्च करा, अशी ती मागणी होती.

ही मागणी नागपुरात उमटली, यात नवल नाही. याच शहरात जाईबाई चौधरी यांनी नागपूर-कामठी वाटेवर हमाली करून दिवस काढले आणि पुढे १९२२मध्ये मुलींसाठी संत चोखामेळा यांच्या नावाची शाळा उभी केली. तिजोरीने हात आखडता घेतला की शाळा कुणाच्या पाठीवरच्या ओझ्यावर चालते, हे नागपुरातल्या इंदोरा-पाचपावलीच्या दलित वस्त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

नागपूरच्या परिषदेनंतर तीनच महिन्यांनी, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयला सादर केले. बनारस आणि अलिगढ विद्यापीठांना सरकार वर्षाला लाखोंचे अनुदान देते, मग आमच्या मुलांना काय, असा त्यात रोकडा हिशेब होता. त्यातून वर्षाला तीन लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या मंजूर झाल्या. आजची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४च्या त्या योजनेची वारस आहे.

स्वातंत्र्यानंतर मात्र हा हिशेब बराच काळ थांबला. पंचवार्षिक योजना आल्या, धरणे आणि कारखाने झाले. वाढत्या खर्चातला दलित वस्तीपर्यंत पोचलेला वाटा मोजण्याची सोयच नव्हती. आदिवासी उपयोजना पाचव्या योजनेत आली. अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना १९७९-८०मध्ये सुरू झाली, आणि १९८०मध्ये इंदिरा गांधींनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून तिचा आग्रह धरला. तत्त्व साधे होते: लोकसंख्येत जेवढा वाटा, योजनेच्या पैशांतही किमान तेवढा. हा पैसा इतरत्र वळवता येणार नाही आणि वर्षअखेर बुडणार नाही, हेही नियोजन आयोगाने पुढे स्पष्ट केले. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात त्याला स्वतःचे गौण शीर्ष मिळाले, ७८९.

आता महाराष्ट्राचा हिशेब मांडू. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जाती ११.८ टक्के आहेत, नागपूर जिल्ह्यात साडेअठरा टक्क्यांहून अधिक. २०२४-२५मध्ये राज्याची वार्षिक योजना १ लाख ९२ हजार कोटींची होती आणि तीत अनुसूचित जाती उपयोजनेसाठी, म्हणजे याच विशेष घटक योजनेसाठी, १५,८९३ कोटी दाखवले होते. म्हणजे ८.३ टक्के. लोकसंख्येच्या प्रमाणात हा आकडा साडेबावीस हजार कोटींच्या वर जायला हवा होता. पुढच्या वर्षी तरतूद ४२ टक्क्यांनी वाढवल्याची घोषणा झाली आणि ती साडेबावीस हजार कोटींवर गेली खरी. पण तोवर एकूण कार्यक्रम खर्चच, म्हणजे योजनेचा आकारच, अडीच लाख कोटींपुढे सरकला होता. वाटा पुन्हा नऊ टक्क्यांच्या आतच.

ही झाली तरतूद. मंत्रालयापासून समाज कल्याणच्या टेबलापर्यंत ज्यांनी फायली पाहिल्या आहेत, ते एका दमात तीन शब्द उच्चारतात: तरतूद, वितरण, खर्च. अर्थसंकल्पात छापलेली रक्कम पहिली, वित्त विभागाने प्रत्यक्ष सोडलेली दुसरी, वस्तीत उतरलेली तिसरी. भाषणात पहिली ऐकू येते. ‘मार्च एंड’ला पैसे आले आणि निविदेपूर्वीच निधी परत गेला, ही गोष्ट तिसरीच्या वाट्याची.

शिवाय चौथा शब्द आहे: वळवणे. दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धांच्या तयारीसाठी विशेष घटक योजनेचे सुमारे ७४४ कोटी वळवल्याचे २०१०मध्ये माहिती अधिकारातून उघड झाले आणि केंद्र सरकारला संसदेत चूक मान्य करावी लागली. महाराष्ट्रात मे २०२५मध्ये लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी ७० लाख रुपये महिला व बालविकासकडे गेले. तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. सरकारची बाजूही ऐकली पाहिजे: लाभार्थ्यांमध्ये दलित बहिणी आहेतच, मग त्यांच्या नावचा पैसा त्यांनाच गेला. पण सगळ्यांना मिळणारे १,५०० रुपये दलित बहिणीला सर्वसाधारण निधीतूनच मिळायला हवेत. तिच्या हक्काचा पैसा तिच्याच हातावर ठेवून वर उपकार दाखवायचे, तर विशेष घटक म्हणण्यात विशेष काय उरले?

नागपूरच्या श्रद्धानंदपेठेत सामाजिक न्याय भवन आहे, दीक्षाभूमी जवळच. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या स्वाधार योजनेचे अर्ज इथल्या वाटेने जातात. २०१७च्या शासन निर्णयाने नागपूरसारख्या मोठ्या शहरासाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरवले: भोजन ३२ हजार, निवास २० हजार, निर्वाह ८ हजार. वर्षभरावर वाटून पाहा. दोन वेळच्या जेवणाला दिवसाकाठी ८८ रुपये, खोलीला महिन्याकाठी १,६६७. तेही हप्ता वेळेवर आला तर. भंडारा-गोंदियाहून आलेला मुलगा दरम्यान मेसवाल्याकडे उधारी करतो.

दादासाहेब गायकवाड यांच्या नावाची सबळीकरण योजना याहून बोलकी आहे. भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन देणारी ही योजना २००४-०५ची. २०१८पासून अनुदान शंभर टक्के झाले. जिरायतीला एकरी पाच आणि बागायतीला आठ लाखांपर्यंत दर ठरला. कागदावर याहून मोठे धोरण सापडणार नाही. पण समृद्धी महामार्ग जिथून सुरू होतो, त्या शिवमडक्याच्या आसपास पाच लाखांत एकर कोण देईल? जमीन मिळाली नाही की पैसा अखर्चित राहतो, आणि अखर्चित पैसा वळवायला सर्वात सोपा.

आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३मध्ये या निधीसाठी कायदे केले, तेलंगणाने २०१७मध्ये, राजस्थानने २०२२मध्ये. महाराष्ट्रात हे बंधन शासन निर्णय आणि परिपत्रकांच्या भरवशावर चालत आले आहे. कायदा झाला की सगळे सुरळीत होईल, असेही समजू नये. कर्नाटकाने २०२३मध्ये पैसा वळवण्याची पळवाट ठरलेले कलम ७(ड) रद्द केले आणि त्याच वर्षी हमी योजनांसाठी अनुसूचित जाती-जमातींच्या निधीतून अकरा हजार कोटींहून अधिक काढले. तरी फरक पडतोच. कायदा असेल तर तो मोडल्याचा जाब विचारता येतो. परिपत्रक मोडले तर दुसरे परिपत्रक निघते.

बहुतेक दरवर्षी डिसेंबरात, १९५३च्या नागपूर कराराचा मान राखत, सरकार नागपुरात येते. टेकडी रोड आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडवले जातात. आत सभागृहात पुरवणी मागण्यांचे जाड पुस्तक मांडले जाते. २०२४च्या हिवाळी अधिवेशनात त्या ३५,७८८ कोटींच्या होत्या. वर्षाच्या मध्यावर नवा पैसा उभा राहू शकतो, हे ते पुस्तकच सांगते. विदर्भातल्या एखाद्या आमदाराने त्यात ७८९ हे शीर्ष शोधावे, त्यात किती भर पडली ते पाहावे आणि मार्चमधल्या तरतुदीपैकी तोवर किती सुटले, तो आकडा सभागृहात मोठ्याने वाचून दाखवावा. मोर्चातल्या माणसांनाही तोच ऐकायचा असतो.

बोजा नुसता मागून चढत नाही, त्यासाठी फेरफार मंजूर व्हावा लागतो. मोहन पार्कवरून दिलेला अर्ज आठ दशके प्रलंबित आहे. मंजुरी देणारे मात्र बहुतेक दरवर्षी अर्जदाराच्याच गावी मुक्कामाला येतात.