अडथळ्यांच्या शर्यतीचा वर्षभराचा सराव

अडथळ्यांची शर्यत म्हणजे उड्या मारण्याची शर्यत, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ती धावण्याचीच शर्यत आहे. पुरुषांच्या ११० मीटर शर्यतीत १०६.७ सेंटिमीटर उंचीचे दहा अडथळे असतात. पहिला आरंभरेषेपासून १३.७२ मीटरवर आणि पुढे दर दोहोंमध्ये ९.१४ मीटर. एवढ्या अंतरात धावपटू तीनच पावले टाकतो. पाय जमिनीपासून जितका वेळ सुटलेले राहतील तितका वेग घटतो. म्हणून उंच झेप न घेता अडथळ्याच्या लगतून निघून जाणे, हे खरे कसब. ही तीन पावलांची लय अंगात मुरवणे हाच सगळ्या सरावाचा हेतू होय.

आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. वस्तीतल्या मुलांपायी पुस्तके चाळून आणि जाणत्यांना विचारून जे समजले, तेच येथे मांडीत आहोत.

समजा, मुख्य शर्यत मे महिन्याच्या मध्यास आहे. आखणी त्या दिवसापासून मागे मोजत यावी. ऑक्टोबर ते डिसेंबर हा पायाभरणीचा काळ. चढावरच्या धावा, ताकदीचे व्यायाम, कंबर व मांड्या मोकळ्या करण्यासाठी बुटक्या अडथळ्यांवरून चालणे, एवढेच त्यात असावे. जानेवारी-फेब्रुवारीत आरंभरेषेवरून तीन ते पाच अडथळे घ्यावेत; पण उंची थोडी कमी आणि अंतरही थोडे जवळ ठेवावे, म्हणजे पावले शर्यतीहून जलद पडण्याची सवय होते. मार्च-एप्रिलमध्ये पूर्ण उंची, पूर्ण वेग, आठ-दहा अडथळे आणि मधूनमधून लहान स्पर्धा. शेवटच्या दोन आठवड्यांत वेग तोच ठेवून सरावाचे माप निम्म्यावर आणावे. हंगाम संपल्यावर तीन-चार आठवडे अडथळ्यांकडे फिरकूही नये.

आठवड्यातही हाच हिशेब चालतो. वेगाचे दिवस लागोपाठ नसावेत. अंग गरम होताच अडथळे आधी घ्यावेत, दमवणाऱ्या धावा नंतर. थकलेला पाय अडथळ्यावर आपटतो, मुलगा पडतो आणि मनात भीती बसते. ती काढायला पुढे महिने लागतात. दर दहा मीटर वेगवान धावेमागे सुमारे एक मिनिट विसावा, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. पाच अडथळ्यांची धाव सुमारे पन्नास मीटरची. म्हणजे पाच मिनिटे थांबणे आलेच. तीन आठवडे भार वाढवीत न्यावा, चौथ्यात उतरवावा.

हे थांबणेच आपल्याकडे कुणाला पटत नाही. २०२४ साली महाराष्ट्राच्या तेजस शिरसे याने फिनलंडमध्ये ही शर्यत १३.४१ सेकंदांत धावून त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम केला. आधीचा विक्रम १३.४८ होता. हे सात शतांश सेकंद दहा अडथळ्यांत वाटले, तर दर अडथळ्यामागे एक शतांशही येत नाही! एवढ्याशा लाभासाठी पोरांना रोज पिळून काढण्याचा मोह होतो. नडगीचे हाड दुखते म्हणणाऱ्या मुलाला ‘चोचले पुरे’ म्हणून पुन्हा पळवलेले आम्ही पाहिले आहे. त्याचा सारा हंगाम घरी बसून गेला. बळ वाढते ते सरावानंतरच्या झोपेत आणि विसाव्यात, ही शरीराची रीत आहे.

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. ती कष्टकऱ्याचा हक्क म्हणून मागितली होती, दया म्हणून नव्हे. मैदानावरच्या मुलालाही तीच लागू आहे; विशेषतः जो पहाटे पेपर टाकून सरावाला येतो, त्याला. त्याचे ते श्रमही सरावाच्या मापात धरले पाहिजेत.

तेव्हा पालकांनी शिक्षकाकडे वर्षाचा कागद मागावा. त्यावर शर्यतीचा दिवस कोणता आणि विश्रांतीचे दिवस कोणते, हे दोन्ही लिहिलेले असले पाहिजे. विश्रांतीचे दिवस नसतील, तर मुलाला मैदानावर धाडण्यापूर्वी ते लिहवून घ्यावेत.